चौथं काडतूस

बायू लाफ्लूरमध्ये बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा तो क्लोव्हिस मेनारच्या घराखाली. बायू म्हणजे दलदलीतलं संथ पाणी, आणि त्याच्या काठची आमची घरं वादळाच्या पाण्याला भिऊन खांबांवर उभी असतात. माणसं झोपतात वर आणि जगतात खाली. होड्या, जाळी, खेकड्यांचे पिंजरे, गप्पा, भांडणं, सगळं खालीच. हंगामाच्या आदल्या आठवड्यात गावातले पुरुष आणि बऱ्याच बायका आपापली बंदूक घेऊन तिथे यायच्या. क्लोव्हिस बाकावर बसलेला असायचा. बंदूक रिकामी आहे ना, हे तो आधी स्वतः बघायचा. मग काडतुसं भरायच्या खालच्या नळीत एक काडतूस सरकवायचा, दुसरं सरकवायचा आणि तिसरं अंगठ्याने जोर लावून दाबायचा. ते आत गेलं नाही तर बंदूक परत. गेलं तर माणूस बाजूला.

स्थलांतर करणाऱ्या पाखरांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं असावीत, असा कायदा आहे. एक वरच्या नळीच्या बुडाशी, दोन खालच्या नळीत. खालच्या नळीत खरं तर जास्त मावतात, म्हणून आत स्प्रिंगच्या पोटात एक लाकडी खुंटी घालून जागा अडवायची. खुंटी एकसंध हवी, आणि बंदूक खोलल्याशिवाय ती निघता कामा नये. नव्या बंदुकीबरोबर ती मिळते, पण माणसं ती हरवतात, किंवा हरवली असं सांगतात. अशांना क्लोव्हिस सायप्रसच्या लाकडाची खुंटी तासून द्यायचा. वर दोन शब्द सुनावायचाही. ‘वरचं एक धरून हे चौथं,’ तो म्हणायचा. ‘चौथं आत जाता कामा नये.’

एका वर्षी चर्चचे फादर गास्पार नवी कोरी बंदूक घेऊन थेट धक्क्यावर आले. घराखाली यायला त्यांना वेळ झाला नव्हता. क्लोव्हिसने होडीतच तपासणी केली, चौथं आत गेलं. त्याने बंदूक काढून घेतली, गाडीत कुलपात ठेवली आणि फादरना सकाळभर आमच्याबरोबर शिकारीच्या आडोशात बसवून बदकांना बोलावणारी शीळ वाजवायला लावली. फादरना शीळ वाजवता येत नव्हती. त्या दिवशी आमच्या बाजूला एक पाखरू फिरकलं नाही. पुढच्या रविवारी प्रवचनात फादरनी स्वतःच हा किस्सा सांगितला आणि सगळं चर्च हसलं. क्लोव्हिस तेवढा हसला नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्याला खरंच कळलं नसावं.

तो माझा मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा, व्हर्लीचा नवरा. त्याआधी शाळेपासूनचा मित्र. उमेदीची सगळी वर्षं त्याने आखातातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर माणसं पोचवणारी बोट चालवली. निवृत्त झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये शिकारीचा परवाना घेणाऱ्यांचा वर्ग घेऊ लागला. शिकारखात्याची आमची वॉर्डन डेना प्रेजां, तीसुद्धा त्याच वर्गातून गेलेली.

तू एवढा कडक का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, त्याचे आजोबा बदकं पिंपात भरून न्यू ऑर्लिन्सच्या खानावळींना विकायचे. नेम धरायची गरजच नव्हती म्हणायचे, आभाळाकडे नळी करायची की झालं. ‘त्यांनी मोजलं नाही,’ क्लोव्हिस म्हणाला, ‘म्हणून मला मोजावं लागतं.’

वर्षातून एकदाच खुंट्या निघायच्या. पांढरे हंस इतके माजलेत की उत्तरेला त्यांच्या घरट्यांची जमीनच ते खाऊन टाकतात. म्हणून बदकांचा हंगाम संपल्यावर, फेब्रुवारीत, फक्त त्यांच्यासाठी तीनची अट उठते. तेव्हाही सगळे घराखाली जमायचे. क्लोव्हिस एकेक बंदूक खोलून खुंटी काढायचा, तिच्यावर पेन्सिलीने नाव लिहायचा आणि कॉफीच्या डब्यात ठेवायचा.

हे सगळं नीट चाललं होतं.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघंच आमच्या आडोशात होतो. नोव्हेंबरची थंडी अजून अंगाला लागण्याइतकी पडली नव्हती. उजाडल्यावर करड्या बदकांचा एक थवा वळून, पंख आवरून समोर उतरायला लागला. क्लोव्हिस उठला आणि बार काढायला लागला. तीन झाले, आणि मी बंदूक खाली घेतली, कारण त्याचे झाले की माझे, असा आमचा रिवाज होता. पण चौथा बार निघाला. मग पाचवा.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

‘बसलायस काय?’ तो म्हणाला. ‘एवढे हंस आलेत.’

‘क्लोव्हिस, बदकं आहेत ती.’

‘पांढरे हंस आहेत. डोळे तपासून घे.’

‘तुझी खुंटी कुठंय?’

‘फेब्रुवारीत खुंटी कशाला लागते रे?’

थट्टा करतोय की काय, असं मला वाटलं. पण या बाबतीत त्याने जन्मात थट्टा केली नव्हती. पाण्यावर बदकं पडली होती, राखाडी, छातीवर खवले असल्यासारखी, आणि तो त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला ती पांढरी दिसत होती. मी पाखरं उचलली, सामान भरलं आणि होडी घराकडे वळवली. एवढ्या लवकर परत का, हेही त्याने विचारलं नाही.

घराखाली मी त्याची बंदूक घेतली, खोलली, डब्यातून त्याची खुंटी काढून आत बसवली. तो शेजारी उभा राहून बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. कुणीतरी हळूहळू दिवा मोठा करावा तसं त्याला सगळं कळत गेलं.

‘आज कुठला महिना?’ त्याने विचारलं.

मी सांगितलं.

‘मी किती काढले?’

‘पाच.’

तो बाकावर बसला. बराच वेळ हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘डेनाला फोन कर.’

मी त्याला समजावलं. कुणी पाहिलं नाही, चूक झाली, संपलं, जेवायला चल. तो मान हलवत राहिला. शेवटी माझ्याशी वाद न घालता तो वर गेला आणि त्याने स्वतःच शिकारखात्याच्या कचेरीत फोन लावला. मी, क्लोव्हिस मेनार, आज खुंटीशिवाय बदकांवर बार काढले, येऊन लिहून घ्या, असं सांगितलं आणि फोन ठेवला. व्हर्ली ओट्याशी भात ढवळत होती. तिने वळून बघितलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं की तिला हे नवं नाही.

डेना दुपारी आली. गणवेशात होती. जिना चढताना तिचा चेहरा मला दिसला, आणि पोरगी वाटभर काय काय विचार करत आली असेल ते ध्यानात आलं. क्लोव्हिसने दार उघडलं.

‘ये ये, डेना. कॉफी घेणार ना? नव्या वर्गाचं विचारायला आलीस वाटतं?’

तिने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

‘काका, तुम्ही फोन केला होता,’ ती म्हणाली.

‘मी? कशाला?’

व्हर्लीने कॉफीचे कप टेबलावर ठेवले. डेनाने कप उचलला, फुंकर मारली आणि म्हणाली, सहजच आले काका, हंगामाचा पहिला दिवस, म्हटलं सगळ्यांच्या बंदुका बघाव्यात.

हे ऐकून क्लोव्हिस खूश झाला. भिंतीवरची बंदूक काढून तिच्या हातात दिली. ‘घे परीक्षा,’ म्हणाला. डेनाने खिशातून तपासणीची पोकळ काडतुसं काढली. एक आत गेलं, दुसरं गेलं, तिसरं अडलं. तिने दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मी सकाळी बसवलेली खुंटी जागेवरून हलली नाही.

‘बघ,’ क्लोव्हिस म्हणाला. ‘सगळ्यांनी अशी ठेवली तर तुझी नोकरी जाईल.’

डेना हसली. तिला पोचवायला मी खाली गेलो. गाडीच्या दाराशी ती थांबली.

‘आल्टनकाका, मी काय लिहू?’

‘मला काय विचारतेस?’

‘त्यांचा फोन नोंदला गेलाय. मी तपासणी केली, बंदूक नियमाप्रमाणे होती, हे मी लिहू शकते. खरंच आहे ते.’ तिने गाडीचं दार उघडलं. ‘पण काका, त्यांच्या घरात बंदुका आहेत.’

आमच्या गावात बंदूक नाही असं घर नाही, असं काहीतरी मी बोललो.

व्हर्ली नंतर बोलली. उन्हाळ्यापासून सुरू होतं. पाणी न घालता कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवायचा. दुकानातून निघाला की घर सापडायचं नाही. एकदा तिला त्याने आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. हंगाम जाऊ दे, मग डॉक्टरकडे नेऊ, असं तिने ठरवलं होतं, कारण हंगामाच्या तोंडावर तो बरा असायचा. आता मात्र आम्ही त्याला लाफायेतला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ घेतला नाही. आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहून दिलं, ते फारसं काही करणार नाही हेही सांगितलं. मग विचारलं, घरात हत्यारं आहेत का? व्हर्ली हो म्हणाली. ती बाहेर काढा, बाई म्हणाल्या, आजच्या आज.

आम्ही काढली नाहीत.

ह्यूस्टनला त्यांचा मुलगा वेन आहे. तो फोनवर म्हणाला, आत्ताच नको, एवढा हंगाम तरी होऊ दे. व्हर्ली म्हणाली, ‘बंदुका नेल्यास तर सकाळी तो उठेल कशासाठी?’ आणि मी म्हणालो, मी सांभाळीन. रोज पहाटे मी त्याच्या आधी जाऊन बंदूक तपासायचो. दोन वेळा खुंटी काढलेली सापडली. त्याचं डोकं काय करत होतं कोण जाणे, पण हात शाबूत होते. बोलताना त्याला माझं नाव आठवायचं नाही आणि त्याच वेळी बोटं नळीचं टोपण फिरवून, स्प्रिंग उसळू न देता अंगठ्याखाली धरून, खुंटी अलगद बाहेर घ्यायची. मी हे बघत बसायचो. थांबवायचं तर काय म्हणून थांबवायचं?

मग मला वाटलं, आपण डोकं चालवावं. मी जास्त लांब खुंटी तासली, खालच्या नळीत एकही काडतूस मावणार नाही अशी. बंदुकीत एकच बार राहील, आणि तो काढताना मी शेजारी असेन. दुसऱ्या दिवशी गेलो तर क्लोव्हिस बाकावर बसून माझी खुंटी कानशीने घासत होता.

‘कुणा गाढवाने कापलीय ही,’ तो म्हणाला. ‘दोन जायला हवीत. एकही जात नाही.’

त्याने ती बरोबर मापाची केली, बसवली, काडतुसं घालून बघितली. दोन गेली, तिसरं अडलं. त्या दिवसापुरता तो पूर्वीचा क्लोव्हिस होता. आम्ही शिकारीला गेलो, त्याने नेमाने तीन बार काढले, मग मी काढले. परत येताना होडीत तो गुणगुणत होता. आपण उगाच घाबरलो, असंही मला वाटून गेलं.

नाताळानंतर त्याचं डोकं पुन्हा घसरलं. व्हर्लीने आणि मी घरातली सगळी काडतुसं गोळा केली आणि माझ्याकडे नेली. बंदूक भिंतीवर राहू दिली. रिकामी बंदूक काय करणार आहे, असा आमचा हिशेब. तो ती काढायचा, तेल द्यायचा, परत टांगायचा. आम्हाला ते बरं वाटायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्या घराखाली माझ्या होडीचं इंजिन उघडून बसलो होतो. व्हर्ली चर्चमधून येताना बाजार करून आली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढू लागली आणि मध्येच थांबली. मी वर बघितलं. क्लोव्हिस जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. हातात बंदूक होती, नळी तिच्याकडे.

‘कोण आहे?’ तो म्हणाला.

‘मी आहे,’ व्हर्ली म्हणाली. ‘बाजार घेऊन आले.’

‘कोण मी?’

मी उठलो. जिना एकच, त्यावर मध्ये ती आणि वर तो. मी एक पाऊल टाकलं की तो मला बघणार आणि काय करणार ते मला माहीत नव्हतं. बंदूक रिकामी आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. माझ्या हातात पाना होता. तो खाली ठेवावा की नको, हेसुद्धा मला ठरवता येईना.

व्हर्लीने पिशव्या पायरीवर ठेवल्या. आणि मग तिने जे केलं ते मला अजून समजलेलं नाही. ती वळली आणि त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसली. स्कर्ट नीट केला. समोर बायूच्या पाण्याकडे बघत राहिली. तिचे डोळे मला दिसत होते. त्यांत भीती नव्हती, नुसता थकवा होता.

‘दमले हो,’ ती म्हणाली. ‘जरा बसते इथं.’

पिशवीतून आइसक्रीम वितळून खालच्या पायरीवर ठिबकायला लागलं.

‘बाई,’ क्लोव्हिस शेवटी म्हणाला, आणि आवाज अगदी मऊ होता, ‘तुम्ही घरी जा. तुमचा माणूस वाट बघत असेल.’

‘जाते,’ व्हर्ली म्हणाली.

तो आत गेला. दार लागल्याचा आवाज आला, मग बंदूक भिंतीवर टांगल्याचा. मी जिना चढलो, व्हर्लीला ओलांडून आत गेलो. तो खुर्चीत बसून टीव्हीवरची मासेमारी बघत होता. मी बंदूक उतरवली आणि उघडली. वरच्या नळीच्या बुडाशी एक काडतूस होतं. त्याच्या शिकारीच्या जुन्या कोटाच्या अस्तरात कुठेतरी राहिलेलं. सगळा कोट आम्ही तपासला होता. एक राहिलं होतं, ते त्याच्या बोटांना सापडलं होतं.

पाचाची तीन, तिनाची एक, असं करत मी सगळा हंगाम काढला होता. ते एक आता माझ्या तळहातावर होतं. क्लोव्हिसने टीव्हीवरून नजर काढून विचारलं, ‘काही हवंय का तुम्हाला?’

त्याच दुपारी मी सगळ्या बंदुका चादरीत गुंडाळून माझ्या घरी नेल्या. तो बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मात्र शोधायला लागला. कपाटं, पलंगाखाली, होडीत. व्हर्लीने सांगून बघितलं, वेनने फोनवर सांगून बघितलं. एके सकाळी त्याने शिकारखात्याला फोन केला, घरात चोरी झाली म्हणून. डेना आली, या खेपेला गणवेश न घालता. मीही तिथेच होतो.

‘चोर पाहिलात का तुम्ही, काका?’ तिने विचारलं, कारण तिला दुसरं काय विचारावं ते सुचलं नसणार.

‘पाहिला ना,’ क्लोव्हिस म्हणाला, आणि त्याने माझं वर्णन करायला सुरुवात केली. उंच, टक्कल पडलेला, डाव्या पायाने लंगडणारा. शब्दाशब्दाला बरोबर. ‘ओळखीचा वाटत होता,’ तो म्हणाला. ‘घरी जेवलेला माणूस. म्हणून मी अडवलं नाही.’

डेनाने ते सगळं लिहून घेतल्यासारखं केलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिने निघताना माझ्या दंडाला हात लावला.

उन्हाळ्यात व्हर्लीलाही झेपेनासं झालं. तो रात्री दार उघडून पाण्याकडे चालू लागायचा, आणि तिचं पाठीचं दुखणं वाढलं होतं. वेन ह्यूस्टनहून आला, दोन दिवस राहिला, रडला आणि मग आम्ही तिघांनी मिळून त्याला ॲबव्हिलच्या वृद्धाश्रमात ठेवलं. व्हर्ली तिथल्याच एका मैत्रिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला गेली, म्हणजे रोज दुपारी त्याला जेवण भरवता येईल. बायू लाफ्लूरचं घर बंद आहे. गावातले लोक पुढच्या हंगामाला कुठे जमले, ते मी विचारलं नाही. मी काही गेलो नाही.

मी गुरुवारी जातो. तो आता बहुतेक गप्प असतो, पण रीतभात सुटलेली नाही. माणूस आला की उठायचा प्रयत्न करतो. गेल्या खेपेला व्हर्ली त्याला गंबोचा दाट रस्सा भरवत होती. मी खुर्ची ओढून बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं, घास गिळला.

‘कुठले तुम्ही?’

‘बायू लाफ्लूरचा.’

‘चांगली माणसं आहेत तिथली,’ तो म्हणाला.

व्हर्लीने चमचा पुन्हा भरला आणि तो त्याने तोंड उघडेपर्यंत तसाच धरून ठेवला. पाऊस येणार असं दिसत होतं. पुलावर पाणी चढायच्या आत निघ, ती मला म्हणाली. मी आणखी थोडा वेळ बसलो. करण्यासारखं काही नव्हतं.